दिसलं तं झालं

इंगोले सरांवर गौरव अंक निघतोय. त्यांच्या एका चाहत्या शिक्षकानं मला फोन करून लेख मागितला. "मॅडम, तुम्ही सरांसोबत काम केलंय, दोन चांगले शब्द लिहा." मी म्हटलं, दोन चांगले शब्द आहेत माझ्याकडे, पण त्यांच्या मागून जे येतील ते तुमच्या अंकाला झेपायचे नाहीत. त्याला वाटलं मी गंमत करतेय. तो हसला, आणि महिनाअखेरपर्यंत पाठवा म्हणाला. हे मी त्याला पाठवणार नाही.

मला हा माणूस आवडत नव्हता, अजूनही आवडत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्याकडे माणूस बदलून गेला किंवा वर गेला की त्याच्याबद्दल सगळे एका सुरात गोड बोलायला लागतात. इंगोले सर वर गेलेले नाहीत, नुसते दुसऱ्या तालुक्यात गेलेत. ठणठणीत आहेत, आणि रोज सकाळी माझ्या मोबाईलवर त्यांचा एक व्हिडिओ येऊन पडतो.

आमची शाळा किन्हीराजाच्या बाजूला आत गेलं की लागते. सातवीपर्यंतची सरकारी शाळा, निम्मी मुलं गावातली, निम्मी शेजारच्या तांड्यावरची. सर प्रभारी मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांच्या मोटरसायकलला मागे तीन पायांचा स्टँड आडवा बांधलेला होता. मोबाईल लावायचा स्टँड. तांड्यावरची दोन माणसं धावत फाटकापाशी आली. "कोनाच्या वावराची मोजनी हाय?" त्यांना वाटलं जमीन मोजणारा आला. सर हसून म्हणाले, "आता शाळेची मोजणी होणार." मला तेव्हा वाक्य बरं वाटलं होतं. त्यांची वाक्यं पहिल्यांदा बरीच वाटायची.

ऑफिसात कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला त्यांचं एक निळं जाकीट टांगलेलं असायचं. शिकवायला ते लागत नसे, शूटिंगला लागायचं. जाकीट अंगात गेलं की माणसाची भाषा बदलायची. एरवी वर्गात "ए पोट्ट्या, सरक ना तिकळे, काहून मधात उभा राह्यला?" असं बोलणारे सर जाकीट घातलं की "विद्यार्थी मित्रांनो, चला तर मग, आज आपण कृतीतून शिकूया" असं सुरू करायचे. विद्यार्थीकेंद्री, कृतियुक्त, आनंददायी, असे शब्द ते दाणे टाकावेत तसे टाकायचे. "मॅडम, आपण शिक्षक नाही, आपण सुलभक आहोत," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की एकदा मी म्हटलं, मग पगार कोणाचा घेता? ते त्यांना आवडलं नाही.

जाकीट काढल्यावरचं त्यांचं खरं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. "मॅडम, दिसलं तं झालं. नाई दिसलं तं नाई झालं." शाळेत काय झालं हे विचारायला कोणी येत नाही, काय दिसलं ते पाहतात, असं त्यांचं म्हणणं. यात ते अगदीच चुकीचे होते असं मी म्हणू शकत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

आल्याबरोबर त्यांनी लिंबावर दिवा लावायचा प्रयोग घेतला. चार-पाच लिंबं, त्यांत खिळे आणि तांब्याच्या तारा खुपसलेल्या, टोकाला बारकासा लाल दिवा. मुलांनी स्वतःच्या हातानं जोडणी केली. दिवा लागला तेव्हा सहावीच्या वर्गातून जो आवाज निघाला तो मी व्हरांड्यात ऐकला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण मोबाईलचा कोन चुकला होता. सर म्हणाले, "रिटेक. आन या वेळेस दिवा लागायच्या आधी कोनी हसू नका. लागला की मंग तोंड उघळजा." पुन्हा केलं. कोणीतरी मध्ये शिंकलं. पुन्हा केलं. तोवर मुलांची तोंडं सांगितल्यावर उघडायला शिकली होती.

पहिल्या बाकावरची पायल तेवढ्यात म्हणाली, "सर, एक लिंबू काढून पाहू का? मंग बी लागन का दिवा?"

"ते नंतर," सर म्हणाले.

नंतर लिंबं खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाईकडे गेली.

पायल तांड्यावरची. घरी त्यांची बोली वेगळी, आमच्याशी वऱ्हाडी. बोलायची कमी, पण बोलली की प्रश्नच विचारायची. मला भाषेच्या तासाला तिनं एकदा विचारलं होतं, कवितेतली नदी उन्हाळ्यात आटत कशी नाही म्हणून. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही.

एक रीत इथेच सांगायला हवी. "कट" म्हटलं की प्रत्येक मुलानं आपल्या हातातली वस्तू टेबलावर आणून ठेवायची. तार, भिंग, चुंबक, टॅब, जे असेल ते. मग सर ते कपाटात टाकून कुलूप लावायचे. शाळेच्या प्रत्येक वस्तूची डेडस्टॉकच्या वहीत नोंद असते, हरवली तर मुख्याध्यापकाच्या मानेवर, आणि त्या भीतीनं आमच्याकडच्या कितीतरी शाळांची कपाटं भरलेली राहतात. ते मी समजू शकते. पण आमच्या मुलांना ही सवय अशी लागली की "कट" ऐकू आलं की सांगावं लागायचं नाही. गुपचूप रांग लागायची. मधल्या सुट्टीत मुलं व्हिडिओ-व्हिडिओ खेळायची. एकाच्या हातात विटेचा तुकडा, तो मोबाईल. समोर कोणीतरी सर झालेलं. खेळातसुद्धा शेवटी "कट" म्हणून सगळे जण काड्या आणि दगड परत एका जागी आणून ठेवायचे.

आश्चर्याचीही खूण ठरली होती. मोबाईलच्या मागून सरांनी अंगठा वर केला की वर्गानं "अरे व्वा!" म्हणायचं. एकदा वरून साहेब आले तपासणीला. भला माणूस होता. फळा पाहिला, टीव्ही पाहिला, मग मुलांकडे वळून अंगठा वर करून विचारलं, "काय, सगळं ठीक?" अख्खा वर्ग एका आवाजात "अरे व्वा!" साहेब दचकले, मग इतके खूश झाले की बोलूच नका. शेऱ्यात लिहून गेले, विद्यार्थी अत्यंत उत्साही. सरांनी त्या शेऱ्याचाही व्हिडिओ केला.

मग क्यूआर कोडचं वेड आलं. कडुलिंबाला कोड, हातपंपाला कोड, मुतारीच्या भिंतीलासुद्धा. मोबाईल समोर धरला की त्या वस्तूची माहिती यायची. म्हणजे पहिले काही दिवस यायची. इंदूबाईच्या खिचडीच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, कोड लावायला गेले तेव्हा ती चिडली.

"सर, गंजाले कायले कागद लावून राह्यले? जळून जाईन ना."

"बाई, याले स्कॅन केलं की खिचळीतल्या पोषनाची माहिती येते."

"खिचळी समोर हाय ना. खाऊन पाहा ना तुमी."

खाल्ली नाही त्यांनी. तिचा फोटो काढला.

हे सगळं सांगून झालं की लोक म्हणतात, असे पुष्कळ असतात मॅडम, सोडून द्या. मीही सोडून दिलं असतं. सरांना शिकवता येत नसतं तर मी त्यांच्यावर एक ओळ खर्च केली नसती. पण त्यांना येत होतं. आमच्या शाळेत माझ्यासमोर जे कोणी शिकवून गेले त्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. मला हे एका दुपारी कळलं, आणि त्यानंतर माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. वादळानं तार तुटली होती, आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती. सरांचा मोबाईल बंद, खिशातली बॅटरी बंद, टीव्ही बंद. सर सकाळपासून ऑफिसात दाढ दुखत असल्यासारखे बसून होते. दुपारी ऊन पडलं. मैदानात मुलांची भांडणं चालली होती, गावातली नवी पाण्याची टाकी किती उंच आहे यावरून. पायल येऊन दारात उभी राहिली.

"सर, टाकी किती उंच असन?"

सरांचा हात सवयीनं खिशात गेला. मोबाईल काढला, काळ्या काचेकडे पाहिलं, परत ठेवला. मग म्हणाले, "मले काय इचारते? टाकीले इचार." आणि उठले.

जाकीट खिळ्यालाच राहिलं. त्यांनी इंदूबाईचा झाडू घेतला, मैदानात मधोमध उभा केला आणि नुसते बाजूला झाले. मुलं झाडूकडे पाहत राहिली. सर बांधावर बसले. कोणी दोरी आणली, कोणी टाकीवर चढायचं म्हणालं, त्याला शिवी बसली. एक जण म्हणाला झाडूची सावली लांब पडली. दुसरा म्हणाला सकाळी तर याच्याहून लांब पडते. "मंग आता काय होऊन राह्यलं?" सर बसल्या जागेवरून विचारायचे, तेवढंच. "तुह्या सावलीचं काय? ते कुठं गेली होती जेवाले?" मुलं हसत होती, भांडत होती, एकमेकांच्या सावल्या मोजत होती. बऱ्याच वेळानं पायल ओरडली. माही सावली आता माह्याएवळी झाली, म्हणाली. मैत्रिणीनं सावलीच्या टोकाला खूण केली, पायलनं तिथंच मातीत झोपून पाहिलं, खरंच होती. मग ती उठून उभी राहिली आणि टाकीच्या सावलीच्या टोकाकडे पळत सुटली. सगळा वर्ग दोरी घेऊन तिच्या मागे; टाकीची सावलीही आता टाकीएवढीच असणार होती.

सर पळाले नाहीत. ते बांधावर बसून होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही. मनात म्हटलं, बाबा, हे येतं तुला. मग ते दुसरं काय करत बसतोस?

दुसऱ्या दिवशी लाईट आली. सरांनी जाकीट घातलं आणि तो पाठ पुन्हा घेतला. मुलांना वाक्यं वाटून दिली. "माझी सावली माझ्याएवढी झाली" हे वाक्य एका गावातल्या मुलाला दिलं, कारण त्याचे उच्चार स्वच्छ होते. पायलला दोरी धरायला ठेवलं. मी सरांना विचारलं, हे सुचलं कोणाला होतं? ते म्हणाले, "मॅडम, सुचलं ते कोनाले दिसलं?"

दिवाळीनंतर तांडा रिकामा होतो. मुकादमाच्या गाड्या येतात आणि माणसं ऊसतोडीला खाली कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्यातच परततात. मुलांसाठी जे हंगामी वसतिगृह व्हायचं त्याचा प्रस्ताव त्या वर्षी वर कुठेतरी अडकला. पालकसभेत पायलचा बाप सुभाष उभा राहिला. सरळ माणूस, आवाज न चढवता बोलणारा.

"सर, पोरगी हुशार हाय हे मले समजते. पन ते आमच्यासंग आली नाई तं लहान पोट्ट्याले कोन पाहीन? आन आली तं तिचा अभ्यास तुटते. तुटलेल्या पोरीले आठवीले जऊळक्याच्या शाळेत धाडून काय करू? त्याच्यापेक्षा घरी बरी."

"आन नाई तुटला तं?" सरांनी विचारलं.

"नाई तुटला तं धाडतो. साऱ्याइच्या समोर सांगतो. तुटला तं नाई."

"मंग शाळेचा एक टॅब मी तिले देतो," सर म्हणाले. "फडात घेऊन जाईन. दुपारचा थोळा टाइम तिले द्यान का तुमी?"

सुभाषनं मान हलवली. पायल मुलींच्या रांगेत शेवटी बसली होती. ती माझ्याकडे पाहून हसली, मग लगेच खाली पाहिलं.

सभेत मोबाईल चालू नव्हता आणि जाकीट खिळ्याला होतं, हेही सांगायला हवं. पुढचे दोन दिवस सर ऑफिसात दार लोटून बसले. इंटरनेट नसलं तरी चालतील असे धडे त्या टॅबमध्ये भरत होते. गणित आणि विज्ञान स्वतःच्या आवाजात बोलून घालत होते, आणि वऱ्हाडीत. मी दाराबाहेरून ऐकलं. "हे पाह्य पायल, तिकळे टाकी नाई. पन ऊस हाय ना? मंग ऊस मोज. आन बापाले म्हन, सर विचारून राह्यले उसाची सावली कवा लहान होते." ते दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले. दुपारी माझ्या डब्यातली भाजीही दिली.

गाडी निघायची त्या सकाळी सर तांड्यावर गेले. शाळेत प्रार्थना घ्यायला मी थांबले. तिथं काय झालं ते मी नंतर त्यांच्याच मोबाईलवर पाहिलं, मागे कुठलं गाणं लावू हे विचारायला त्यांनी मला सगळं शूटिंग दाखवलं. ट्रकचं इंजिन आवाज करतं म्हणून बंद करायला लावलं. टॅबला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. सुभाष म्हणाला, "सरनं टॅब देला, माही पोरगी फडात शिकन." सर मोबाईलच्या मागून म्हणाले, "शिकेल म्हणा." पुन्हा घेतलं. मग पायलनं दोन्ही हातांनी टॅब घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. आणि सरांचा आवाज आला, "कट. मस्त." स्टँडवरचा मोबाईल मात्र चालूच राहिला होता.

पायलनं टॅबवरचं कुंकू ओढणीनं पुसलं. चार पावलं पुढे आली आणि टॅब सरांच्या हातात ठेवला. सरांनी घेतला आणि पिशवीत टाकला. दोघांनाही काहीच वेगळं वाटलं नाही. शाळेत कायम हेच व्हायचं. मागून मुकादम ओरडत होता, चला चला, टाइम होऊन राह्यला. पायल ट्रकमध्ये चढली आणि भावाला मांडीवर घेऊन पिशवीकडे पाहत राहिली. शूटिंग तिथे संपलं.

सर शाळेत आले, कपाट उघडलं आणि टॅब जागेवर ठेवायला लागले. मी तिथेच होते.

"सर, टॅब?"

त्यांनी हातातल्या टॅबकडे पाहिलं. "अरे," म्हणाले. मग, "तिनंच वापस केला, मॅडम."

ट्रक किन्हीराजाच्या पुढे गेला नसेल. मोटरसायकल दारात उभी होती. मी म्हटलं, पळा. ते दारापर्यंत गेलेही. तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला. "कट"पर्यंतचा व्हिडिओ त्यांनी वाटेतच, गाण्याबिण्याशिवाय कच्चाच कोणाला तरी पाठवला होता, आणि अभिनंदनं यायला लागली होती. ते दारातच उभे राहून वाचत राहिले. मला म्हणाले, "मागून पाठवतो."

पाठवला नाही. मी आठवण करायचे, ते म्हणायचे, "पाठवून राह्यलो ना." मी तांड्यावरून मागून जाणाऱ्या एका माणसाला गाठलं. तो न्यायला तयार होता. सर म्हणाले, रस्त्यात हरवला तर? माझ्या नावावर लिहा, मी म्हटलं. ते हसले. किल्ली त्यांच्या खिशात. सुभाषला मी फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या म्याडम. आमालेच समजलं नाई." मला त्या माणसाचा समजूतदारपणा ऐकवेना.

हिवाळ्यात वाशीमला एका सभागृहात सरांचा सत्कार झाला. आम्हा शिक्षकांना जावं लागलं. मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला, टॅब हातात घेईपर्यंतचा. सर बोलायला उभे राहिले. "आजही ते लेकरू उसाच्या सावलीत बसून शिकते आहे," म्हणाले. पाणी आलं डोळ्यांत. टाकीच्या दिवशी आलं होतं तसंच. मी थापा मारणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, ती ओळखू येतात. हा माणूस थापा मारत नव्हता. दिसलं होतं ना, म्हणजे त्याच्यापुरतं ते झालं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. बाजूच्या बाईंनी मला विचारलं, तब्येत बरी नाही का?

उन्हाळ्यात, शाळा संपायला आली असताना, एका सकाळी पायल फाटकातून आत आली. उंच झाली होती. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मला म्हणाली, "म्याडम, बाबा मनते तुटला अभ्यास. आठवीले नाई धाडत." एवढंच, आणि ऑफिसकडे पाहायला लागली.

सरांनी तिला खिडकीतून पाहिलं. मनापासून आनंद झाला त्यांना, हेही लिहिते. "ये, ये पायल! थांब, जाकीट घालतो." त्या उकाड्यात जाकीट घातलं. स्टँड लावला. कपाटातून टॅब काढून तिच्या हातात दिला. "आता सांग, टॅबवर काय काय शिकलीस. हसत सांगायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले, पायलनं मला डोळ्यानंच थांबवलं. ती ताठ उभी राहिली, मोबाईलकडे पाहिलं आणि स्वच्छ, जाकिटाच्या भाषेत बोलली. "सरांनी दिलेल्या टॅबमुळे माझा अभ्यास अजिबात तुटला नाही. मी फडात रोज शिकले. आता मी आठवीला जऊळक्याला जाणार आहे." मग हसली. रिटेकची गरज पडली नाही.

"कट. एकदम मस्त." आणि सरांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

पायलनं टॅब छातीशी धरला.

"मलेच देला ना सर तुमी. आता तं दोनदा देला."

आणि ती फाटकाकडे चालायला लागली. मी मागे गेले. विचारलं, अगं, खोटं कशाला बोललीस? ती म्हणाली, "बाबाले दाखवा म्याडम हे. सर मनते ना, दिसलं तं झालं."

सुभाषनं व्हिडिओ पाहिला. त्याला ठाऊक होतं तो खोटा आहे, फडात तो तिच्यासोबतच होता. पण तोवर सरांनी पाठवलेला तो व्हिडिओ तांड्यावरच्या प्रत्येक मोबाईलवर गेला होता, कारखान्याकडच्या मुकादमापर्यंत पोचला होता. "आता घरी कशी बसवू हिले?" मला म्हणाला. "लोक मनतीन सरनं शिकवली आन बापानं बसवली." पायल जऊळक्याला जाते. पहिल्या चाचणीत ती मागे होती, कारण तुटलेला अभ्यास व्हिडिओनं जोडला जात नाही. रविवारी माझ्याकडे येते. बाकी दिवस त्या टॅबवर एका माणसाचा वऱ्हाडी आवाज ऐकत बसते आणि वही भरते. त्या आवाजावर माझा राग नाही. राग आहे तो जाकिटातल्या माणसावर, आणि तो जायचा नाही.

सरांची बदली त्याच उन्हाळ्यात झाली. निरोपाला भाषणं झाली, ती मला आठवत नाहीत. मला आठवते ती सकाळ. पायलला फाटकापर्यंत सोडून मी परतले तेव्हा सर व्हरांड्यात तसेच उभे होते. घामानं जाकीट पाठीला चिकटलेलं, हात अजून अर्धा पुढे. मोबाईल स्टँडवरून काढून खाली बाकावर ठेवलेला, उपडा.

"मॅडम," ते म्हणाले, "यावेळी तिनं वापस नाई केला."

त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. दोन वर्षं ज्यासाठी त्यांनी पोरांकडून रिटेक घेतले, ते आश्चर्य त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होतं, अस्सल, कोणीही अंगठा वर न करता. मी एकटीनंच ते पाहिलं. त्यांच्या हिशेबानं ते झालंच नाही.